म्हशीच्या वाटेतले काटे

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी उंबरटेपाच्या वरच्या अंगाला आकडीची पानं मिटली.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. परतीच्या पावसाने दोन दिवस डोंगर झोडपून काढला होता. पहाटे तो थांबला आणि नऊच्या सुमाराला लख्ख ऊन पडलं. अशा उन्हात आकडीची पानं पसरलेली असायला हवीत. ती संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात. त्या दिवशीही सकाळी उघडली, आणि नंतर पश्चिमेच्या टोकापासून एकेक झुडूप पुन्हा मिटत आलं.

काजल झोरे तेव्हा कुंपणाच्या मधोमध उभी होती. कराडच्या एका खासगी वनस्पती संशोधन संस्थेत ती काम करते आणि हे कुंपण तिनेच इथे लावलेलं आहे. ती पानं पाहायला आली नव्हती, शेंगा पाहायला आली होती. खांद्यावरच्या कापडी पिशवीत तिने चपट्या, ज्वाळेसारख्या लाल शेंगा तोडून भरल्या होत्या. अचानक चेहऱ्यावर ऊन आलं म्हणून तिने वर पाहिलं. डोक्यावरची सावली गेली होती.

तिने खाली वाडीकडे पाहून हाक मारली, "भागूकाका, ढोल!"

बिरोबाच्या देवळापाशी बसलेल्या भागोजी आखाड्यांनी आधी कुंपणाकडे पाहिलं, मग ढोल गळ्यात घातला.

उंबरटेप हा गवळी धनगरांचा वाडा. सह्याद्रीच्या अंगावर पायरीसारखी एक सपाटी आहे, तिच्यावर ही दहाबारा घरं. माणसांपेक्षा म्हशी जास्त. दूध खालच्या गावातल्या संकलन केंद्रावर जातं. अलीकडे कॅन ड्रोनला अडकवून पाठवतात, आणि धुकं असलं की पूर्वीसारखे खांद्यावर. वाडीच्या मागे डोंगराचा उभा उतार आहे. पाऊस बदलला, महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडू लागला, तसा हा उतार धोक्याचा ठरला. सरकारने वाडी खाली हलवायचं ठरवलं, पण खाली चराऊ रान नव्हतं. माणसं हलली असती. म्हशी कुठे नेणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

उतारावर यंत्रं बसवून झाली होती. जमीन सरकली तर तारा ताणल्या जाऊन खालच्या कार्यालयात सूचना जावी, अशी सोय होती. पहिल्या पावसाळ्यात तिच्या पेट्यांत पाणी शिरलं, दुसऱ्यात वानरांनी तारा ओढल्या. तिसऱ्या वर्षी काजल आपल्या माहेरी आकडीची रोपं घेऊन आली.

हे झुडूप मूळचं आफ्रिकेतलं. आपल्या शिकेकाईचं ते दूरचं नातेवाईक. पानं तशीच, बारीक बारीक पर्णिकांची. आधार नसला तर ते झुडपासारखं वाढतं, आधार मिळाला की वेलासारखं चढतं. मात्र ते काकडीच्या वेलासारखे तणावे सोडत नाही, की गुळवेलीसारखं आधाराला वेढे घालत नाही. त्याच्या फांद्यांवर मागे वळलेले आकडे असतात, त्यांनी धरत धरत ते वर जातं. त्याच्या बऱ्याच भाऊबंदांना काटे पेरापाशी जोडीजोडीने येतात. याचे काटे फांदीभर विखुरलेले, त्यांना ओळ ना क्रम. त्यामुळे कुठल्याही बाजूने काही टेकलं तरी एखादा आकडा ते धरतोच. धरलेली वस्तू पुढे ओढली की आकडा आणखी रुततो. मागे सरली की सुटतो.

आणखी एक गोष्ट. सगळे काटे सारखे नसतात. लिंबाचा काटा म्हणजे खुरटलेली फांदीच. तो आतल्या लाकडाशी जोडलेला असतो. आकडीचा काटा नुसता सालीचा. अंगठ्याने आडवा दाबला की तो टक्कन निघतो, खाली लहानसा डाग राहतो आणि झाडाला काही होत नाही. सावरीचे काटे काढून त्यांवर नाव कोरणाऱ्या पोरांना हे ठाऊक असतं.

संस्थेने या झुडपात लाजाळूचं एक जनुक घातलं होतं. लाजाळू स्पर्शाने मिटते. ही आकडी ताणाने मिटते, आणि तीही क्षणाच्या ताणाने नव्हे. वारा फांदी हलवतो, माकड उडी मारतं, ते ओढे येतात आणि जातात. जमीन सरकते तेव्हा ओढा सुटत नाही, तासन्‌तास वाढत राहतो. उतारावर आडवी लावलेली झुडपं दोन वर्षांत एकमेकांत आकडे रुतवून बसतात. त्यांची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी, पण फांद्या एकमेकींच्या पकडीत. खालची जमीन दोन बोटं जरी सरकली तरी फांद्या ताणल्या जातात, त्या ताणाने सालीतून विजेचा सौम्य प्रवाह धावतो आणि पानांच्या बुडाशी असलेली फुगीर पेरं पाणी सोडून मिटतात. बॅटरी लागत नाही, पेटी लागत नाही. रात्री पानं तशीही मिटलेली असतात, तेवढ्यापुरत्या तीन ठिकाणी जुन्या तारा ठेवल्या होत्या. दिवसा पाहायला फक्त डोळे लागतात.

परवानगी एका अटीवर मिळाली होती: झुडूप परकं आहे, त्याला शेंगा धरता कामा नयेत. संस्थेने ते वांझ केलं होतं. यंदा सप्टेंबरात त्याला शेंगा धरल्या. दिवाळीनंतर कुंपण मुळासकट काढायचं, असा आदेश आला होता, आणि त्याआधीची पाहणी करायला काजल आली होती.

सगुणाने ही बातमी ऐकली तेव्हा ती म्हशीला म्हणाली होती, "ऐकलंस न्हवं मोरे? जातंय त्ये काटवण. गूळ वाटूया."

सगुणा ही काजलच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ बिरू संकलन केंद्रावर असतो. घर, गोठा आणि म्हातारी सासू सगुणाच्या अंगावर. मोरी ही तिची माहेराहून आणलेली म्हैस, वाडीतली सगळ्यांत दुधाळ. कुंपण लावलं त्याच्या पुढच्या वर्षी पाण्याला जाताना मोरीची कास आकडीत अडकली. म्हैस पुढे ओढत राहिली, आकडे रुतत गेले आणि एक सड उभा चिरला. तो पुन्हा दूध देऊ शकला नाही. तेव्हापासून सगुणा नणंदेशी थेट बोलत नव्हती. जे काही सांगायचं ते काजलच्या देखत म्हशीला सांगायची.

"मोरे, बघ, आल्या तुझ्या डाक्टरीणबाई. आता ऱ्हायलेलं तीन सड मोजून घेत्याल."

काजल आईला म्हणायची, "आई, तिला सांग, मला ऐकू येतं."

"मला कशाला सांगतीस?" धुळाबाई म्हणायच्या. "म्हशीला सांग. तुमचा समदा कारभार तिच्याच हातात हाय."

दुखापतीच्या दिवशी म्हशीला सोडवलं होतं काजलनेच. तिने मोरीचं दावं मागे ओढून तिला दोन पावलं उलट चालवलं, आणि जमलेल्या बायकांना दाखवलं, की अडकलं की पुढे ओढायचं नाही, मागे यायचं. नाहीच सुटलं तर काटा आडवा दाबायचा. झाडाला काही होत नाही. बायकांनी ते लक्षपूर्वक पाहिलं होतं.

ढोल वाजला तशी वाडी बाहेर आली. सराव वर्षातून दोनदा होत असे, त्यामुळे ओरडाआरडा झाला नाही. दावी सुटली, म्हातारी माणसं उंबऱ्याबाहेर आली, प्रत्येकाच्या खांद्यावर घोंगडी होती. देवळाच्या भिंतीवर काजलने दोन वर्षांपूर्वी रंगवून घेतलेला नियम होता: मिटलेल्या पानांखालून जायचं नाही, उघड्या पानांखालून जायचं.

कुंपण वाडीच्या डोक्यावरून कमानीसारखं जातं आणि दोन्ही टोकांना खाली उतरतं. पश्चिमेच्या टोकाशी गाडीवाट आहे. तिथली पानं सगळ्यांत आधी मिटली होती. वाडीच्या मागचा पट्टाही मिटला होता, लांबून तो हिरव्याचा राखाडी दिसत होता. पूर्वेला झऱ्याकडे जाणारी पाणवाट. तिच्यावरची आकडी ताजी, टवटवीत, पसरलेल्या पानांची होती. झऱ्याच्या पुढून एक पायवाट खालच्या रस्त्याला मिळते.

"पाणवाट उघडी हाय," भागोजी म्हणाले. "चला. म्हशींना तर ठावंच हाय ती."

म्हशी पुढे, माणसं मागे, अशी रांग निघाली. मोरी सगळ्यांच्या पुढे होती. पाणवाटेवर दोन्ही बाजूंनी आकडीच्या फांद्या लोंबत होत्या आणि मधोमध एकमेकींत मिसळल्या होत्या. मोरी त्यांच्यातून गेली. तिच्या मागे आणखी दोन म्हशी गेल्या. फांद्या त्यांच्या पाठीवरून घसरून पुन्हा जागेवर आल्या.

काजल थांबली.

मोरी अडखळली नव्हती. याच ठिकाणी, याच म्हशीला अडकलेलं तिने पाहिलं होतं. आकडीतून म्हैस अशी पाण्यातून गेल्यासारखी जाऊ शकत नाही. तिने हात पुढे केला आणि एक फांदी मुठीत धरून खालपर्यंत ओढली. हाताला काही लागलं नाही. दुसरी फांदी धरली, तीही गुळगुळीत. सालीवर फिकट डाग होते, एकाशेजारी एक, काही जुने, काही कालपरवाचे.

"वैनी," ती म्हणाली, "इथले काटे कुठं गेले?"

बोलायला सगुणाजवळ म्हैस नव्हती.

"काढले की," ती म्हणाली. "येताजाता. समदीच काढत्यात. म्हशीच्या वाटंत काटा ठिवत्यात व्हय कुनी?" आणि मग, "तुमीच दावलं हुतं, वन्सं. आडवा दाबला की निघतो, झाडाला काय हुत न्हाई म्हनून."

"झाडाला नाहीच होत," काजल म्हणाली.

धनगरवाड्याची ही रीत काजलला लहानपणापासून माहीत होती. म्हशीच्या वाटेतला काटा ज्याला दिसेल त्याने उचलायचा. त्यासाठी कुणी कुणाला सांगत नाही आणि कुणी केल्याचं बोलूनही दाखवत नाही. ती स्वतः बाभळीचे काटे उचलत वाढली होती. दोन वर्षं सगळी वाडी पाण्याला जाता-येता अंगठ्याने आकडे काढत होती, आणि संस्थेची माणसं येत तेव्हा वरच्या पट्ट्याच्या नोंदी घेऊन परत जात. पाणवाटेवरची झुडपं जोमात दिसत, म्हणून त्यांच्याकडे कुणी वाकून पाहिलं नव्हतं. तिनेही नाही.

आता ती झुडपं एकमेकांशेजारी उभी होती, पण एकमेकांना धरून नव्हती. खाली जमीन सरकली असती तर फांद्या एकमेकींवरून नुसत्या घसरल्या असत्या. ताण आलाच नसता.

"मग ही पानं खोटी?" सगुणाने विचारलं.

"खोटी नाहीत. त्यांना ठाऊकच नाही."

भागोजींनी ढोल थांबवला. रांगेतली माणसं पुढे-मागे पाहू लागली. पाणवाट धोक्याची आहे असं काजलला म्हणता येत नव्हतं. ती सुरक्षित आहे हेही म्हणता येत नव्हतं. पश्चिमेकडून मिटत आलेली पानं पाणवाटेच्या अलीकडच्या झुडपापर्यंत पोचली होती, आणि काटे नसलेलं पहिलं झुडूप आलं तिथेच मिटणं थांबलं होतं. ते तिने सगळ्यांना बोटाने दाखवलं.

"मागं फिरा," ती म्हणाली. "देवराईकडं."

देवराई वाडीच्या ईशान्येला, कातळावर आहे. तिच्या आणि वाडीच्या मध्ये कुंपणाचा पाणवाटेनंतरचा, शेवटचा तुकडा येतो. तिकडे वाट नाही, म्हशी जात नाहीत, म्हणून तिथल्या आकड्यांना कुणाचं बोट लागलेलं नव्हतं. तिथली आकडी पूर्ण हत्यारबंद होती आणि तिची पानं उघडी होती.

माणसं वळली. म्हशी वळवल्या. मोरी आणि तिच्या मागच्या दोघी मात्र पुढे झऱ्यावर पोचल्या होत्या, आणि मोरी पाणी पीत होती.

सगुणाने पाऊल टाकलं. धुळाबाईंनी मागून तिचा पदर धरला.

"आत्ती, सोडा. म्हस माजी हाय."

"म्हस तुजी हाय," धुळाबाई म्हणाल्या, "पर सून माजी हाय. हाक मार. यील ती."

"मोरेऽऽ! ये मोरेऽऽ!"

मोरीने मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"पिऊ दे तिला पोटभर," भागोजी म्हणाले. "तिला कुटं नियम वाचता येतोय."

कुणी हसलं नाही, पण कुणी पळालंही नाही. सगुणा हाका मारत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र रोजचाच होता, संध्याकाळी गोठ्यात बोलावताना असतो तसा. काजल तिच्या शेजारी उभी होती. ती वरच्या उताराकडे पाहत होती. तिथे काहीही दिसत नव्हतं.

मोरीने पाणी संपवलं, वळली आणि आली, जशी गेली होती तशीच, न अडखळता. मागून दोघी आल्या. सगुणाने तिच्या पाठीवर एक जोराची थाप मारली. "तुला कसायाला घालते बघ," ती म्हणाली, आणि तिच्या गळ्याला मिठी मारली.

देवराईकडच्या आकडीपाशी पोचल्यावर सगुणाने कमरेचा कोयता काढला.

"कापू का, वन्सं?"

"नको. ही पानं आत्ता आपल्याला सांगतायत की खालची जमीन धड आहे. फांद्या कापल्या तर पकड सुटेल. मग हीपण त्या पाणवाटेसारखी."

"मग जायाचं कसं?"

युक्ती धुळाबाईंना सुचली. त्यांनी खांद्यावरची घोंगडी झटकली आणि समोरच्या फांद्यांवर टाकली. लोकरीत आकडे रुतले आणि घोंगडी जिथे पडली तिथे घट्ट बसली. तिच्याखालून माणूस वाकून जाऊ शकत होता. दुसरी घोंगडी पुढे टाकली, तिसरी त्याच्या पुढे. आकडीने एकही सोडली नाही. घोंगड्यांचा एक बुटका बोगदाच झाला, आणि त्यातून लहान मुलं, मग म्हातारी माणसं सरकत गेली. ज्याचं धोतर अडकलं, जिचं लुगडं अडकलं, तिथे काजलचा आवाज येई: "ओढू नका. मागं सरा. आता या."

"मागं सरायचं," सगुणा म्हणाली. "नणंदेसंगबी तसंच असतं म्हनं. आमाला उशिरा कळलं."

"मलापण," काजल म्हणाली.

म्हशी उरल्या. त्यांची कातडी जाड; पाठीवर ओरखडे सोसतील. कासेचं काय? सगुणाने आपली घोंगडी मोरीच्या पोटाखालून घेतली आणि पाठीवर दाव्याने गाठ मारली. कास झोळीत बसल्यासारखी झाकली गेली. बाकीच्या बायकांनी ते पाहिलं आणि बोगद्यावरच्या मागच्या घोंगड्या हलक्या हाताने, मागे ओढून सोडवल्या. एकेक म्हैस झोळी बांधून गेली. कुणाची फाटली, कुणाची तिथेच राहिली. धुळाबाईंच्या लग्नातली घोंगडी फांद्यांवरून निघालीच नाही. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिनं धरलीया, तिचीच."

सगळी माणसं कातळावर आल्यावर काजलने मागे वळून पाहिलं. त्या शेवटच्या तुकड्याची पानं अजून उघडी होती.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी पाणवाटेवरचा उतार सुटला. प्रत्यक्ष पाहणारे सांगतात की आधी आवाज आला नाही. आधी आकडीचा तो हिरवागार पट्टा उभ्याचा आडवा झाला, तशाच उघड्या पानांनिशी, आणि मग आवाज आला. झरा, पायवाट आणि पूर्वेकडची चार घरं गेली. गाडीवाटेवर तासाभराने दरड आली. वाडीच्या मागचा पट्टा फाटला, पण थांबला. माणूस एकही गेला नाही. भागोजींच्या गोठ्यात विसरलेलं एक रेडकू आणि सगळ्यांच्या कोंबड्या गेल्या.

खालच्या शाळेत वाडीची सोय झाली. तिसऱ्या दिवशी चौकशी समिती आली. काजलने आपल्या अहवालात जे घडलं ते त्याच क्रमाने लिहिलं होतं: काटा काढण्याची पद्धत वाडीला संस्थेनेच दाखवली, काटा गेल्याने झाड जगतं पण इशारा मरतो, हे संस्थेने सांगितलं नाही, कारण ते संस्थेच्याही लक्षात आलं नव्हतं. समितीच्या एका सदस्याने सगुणाला विचारलं, की तुमच्या म्हशीला ज्या झुडपाने जायबंदी केलं ते काढायचा आदेश आहे, तर तुमची हरकत नसेल ना?

"हाय," सगुणा म्हणाली.

"पण तुम्हीच पूर्वी तक्रार केली होती."

"केली हुती. तवा एक सड गेला हुता. आता तीन हायती, म्हस हाय, सासू हाय. त्या झाडाचं उपकार हायती माज्यावर. उपकाराचं झाड कुनी उपटतं का, सायेब?"

सदस्याने सांगितलं, की मुद्दा उपकाराचा नाही, शेंगांचा आहे. एक शेंग तडकली, बी पाण्याबरोबर खाली गेलं, तर पाच वर्षांत खोऱ्यातली शिकेकाई, करवंद, चराऊ रान, सगळ्यावर हे चढेल. सदस्याचं म्हणणं बरोबर होतं आणि काजलने तिथेच ते मान्य केलं. सगुणाला ते फारसं आवडलं नाही.

"तुमी कुनाच्या बाजूच्या, वन्सं?"

"तुमच्याच. पण शेंग खरी आहे, वैनी."

सगुणाने वर उरलेल्या कुंपणाकडे पाहिलं. "सालीवरचा काटा बोटानं निगतो," ती म्हणाली. "शेंगबी बोटानंच निगती न्हवं?"

दुसऱ्या दिवसापासून वाडीच्या बायका उरलेल्या कुंपणावर जाऊ लागल्या. काट्यांना हात लावायचा नाही, शेंग दिसली की तोडायची, हिरवी असो की लाल. सांगायला कुणी लागलं नाही. वाटेतला काटा जसा येताजाता उचलला जायचा तशी येताजाता शेंग तोडली जाऊ लागली. तोडलेल्या शेंगा शाळेच्या चुलीत जळत. समितीने हे पाहिलं आणि आदेश मागे घेतला नाही, पण लांबवला: मार्चपर्यंत कुंपणाबाहेर एकही रोप बियातून उगवलेलं सापडलं नाही, तर कुंपण राहील. सापडलं, तर जाईल आणि वाडीही कायमची खाली येईल.

पाऊस संपल्यावर वाडी पुन्हा वर आली, आणि पाणी आता देवराईच्या बाजूने पाटाने आणलं आहे. पाटाकडे जाणारी नवी वाट आकडीतून जाते. म्हशींना झोळी बांधूनच पाण्याला नेतात. संस्थेने त्यासाठी जाड कापडाच्या झोळ्या शिवून दिल्या. म्हशींना त्या आवडत नाहीत. बायकांनी घोंगड्याच पसंत केल्या.

जानेवारीत मोरी व्याली. पहिल्या चिकाचा नैवेद्य बिरोबाला जातो. या वेळी सगुणाने तो आधी बिरोबाला दाखवला, मग वाटीभर चीक देवराईकडच्या आकडीच्या बुडाशी ओतला. तिथे धुळाबाईंची घोंगडी अजून अडकलेली आहे. पावसाने विरली आहे, पण सुटलेली नाही. उरलेल्या चिकाचा खरवस करून तिने डब्यात भरला आणि ड्रोनच्या कॅनमध्ये ठेवून खाली बिरूकडे आणि तिथून कराडला पाठवला. डब्याआधी फोनवर निरोप बोलून ठेवला होता: "वन्सं, तीन सडांचा हाय. ग्वाड लागला का सांगा."

काजलने लगेच फोन केला. गोड लागल्याचं सांगितलं. दोघी बराच वेळ बोलल्या. म्हशीचं नाव एकदाच निघालं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सगुणाला दरडीच्या मातीत, जिथे पूर्वी झरा होता त्याच्या जवळ, एक कोंब दिसला. हातभर उंच, बारीक पानांचा, आकडे धरू लागलेला. तिने तो उपटला नाही आणि लपवलाही नाही. तिथे चार दगड मांडले आणि काजलला कळवलं.

कोंब दोन प्रकारे आलेला असू शकतो. दरडीबरोबर वाहून आलेल्या, काटे काढलेल्या एखाद्या जुन्या फांदीला मातीत फुटवा आला असेल. तसं असेल तर ते रोप बियाचं नाही, कुंपणाचाच तुकडा आहे. किंवा एखादी शेंग नजरेतून सुटली असेल. वरून पाहून फरक सांगता येत नाही, आणि खणून पाहिलं तर रोप जगेलच असं नाही. काजलने एक पान तोडून तपासणीसाठी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. पेशीतला जनुकांचा मजकूर मूळ झुडपाशी तंतोतंत जुळला तर फुटवा, थोडाही निराळा निघाला तर बी.

अहवाल अजून आलेला नाही. काल दुपारी सगुणा आणि काजल दोघी तिथे जाऊन आल्या. कोंबाची पानं उघडी होती. त्याच्या आकड्यांनी अजून कशालाही धरलेलं नाही.